वाकड्या तोफा

बाइंडरने आयुष्यभर इतरांच्या गोष्टींची पुस्तकं शिवली, पण स्वतःला एक थाप धड मारता येत नव्हती. तरीही दर शनिवारी चपला घालताना तो म्हणे, "जरा गोंद घेऊन येतो," आणि दोन तासांनी परत येई. खरंच तेवढा गोंद आणला असता तर शेजाऱ्याचं घर आपल्या घराला चिकटवता आलं असतं. पण मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं त्याचं चाललं होतं.

जायचा तो घड्याळजीकडे. घड्याळजी म्हणजे त्याचा व्याही. म्हणजे होता. पोरांचं पटलं नाही, घटस्फोट झाला, जावई नोकरी बघून परगावी गेला आणि मुलगी माहेरी आली. त्या घराचं नाव या घरात काढायचं नाही, असा बाइंडरच्या बायकोचा हुकूम होता. मुलगी मात्र यावर चकार शब्द बोलत नसे, आणि बाइंडरला भीती होती ती तिचीच. आपला बाप तिकडे जाऊन चहा पितो हे कळलं तर तिला काय वाटेल?

पण कपाटावर ते जहाज होतं ना, अर्धवट! लग्नानंतर लगेचच दोन्ही व्याह्यांनी हौसेने कागदाची युद्धनौका करायला घेतली होती. पुठ्ठ्याच्या फासळ्या, त्यांवर राखाडी कागद, वरचा डेक, ही मोठी कामं बाइंडरची. तोफा घड्याळजीच्या. डोळ्याला भिंग लावून तो सुईभोवती कागदाची पट्टी अशी गुंडाळी की काडीपेटीच्या काडीहून बारीक नळी तयार होई. बाइंडरची बोटं जाड. त्याने एकदा तोफ करून पाहिली, तर बायको म्हणाली, "अहो, जहाजावर सिगारेट कोणी ठेवली?"

घटस्फोटानंतर त्याने काही शनिवार दम धरला. मग पाय आपोआप तिकडे वळले. या वयात हसायला-बोलायला नवा माणूस कुठून आणायचा? दुकानात दोघे समोरासमोर बसत, जहाजाबद्दल बोलत, आणि पोरांचा विषय आला की तोंडात मिठाची गुळणी धरत. निघताना घड्याळजी काडीपेटीतून एखादी तोफ देई. बाइंडर घरी कुणी बघत नाही असं पाहून ती चिकटवून टाकी.

अलीकडे मात्र तोफा बिघडत चालल्या होत्या. पुढच्या कशा सरळ रेषेत होत्या! मधल्या जरा ढिल्या. मागच्यांची तर तऱ्हाच निराळी, नळ्याच वाकड्या; कशाही चिकटवल्या तरी एकीचं तोंड आभाळाकडे, दुसरीचं थेट कप्तानाच्या खोलीकडे. बाइंडरने मनाशी अर्थ लावला: माणूस तोंडावर गोड बोलतो, पण मनात अढी आहे. आपल्या मुलीला दोष देतो आहे. मन नाही, म्हणून काम उरकतो आहे. हे त्याला फार लागलं. आता उगाच का लोंबकळायचं? आज शेवटचं जायचं आणि सांगून टाकायचं, तोफा पुरे झाल्या.

"जरा गोंद घेऊन येतो," तो म्हणाला.

मुलगी कपाटावरची धूळ पुसत होती. तिने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"बाबा, मागच्या तोफा वाकड्या आहेत."

"त्या... त्या मी केल्या."

"तुमची तोफ मी पाहिलीय," मुलगी म्हणाली. बाइंडरचं पितळ उघडं पडलं. "मी परत आल्यावर पहिली नवी तोफ लागली तेव्हाच कळलं मला. म्हटलं, तुम्हाला बरं वाटतंय ना, मग कशाला बोलायचं? पण त्यांनी थेंब सोडलेत का?"

"कसले थेंब?"

"डोळ्यांत दाब वाढलाय त्यांच्या. रोज थेंब घालावे लागतात, नाहीतर नजर जाईल म्हणाले होते डॉक्टर. केसाएवढी स्प्रिंग बसवतील, पण स्वतःच्या डोळ्यात थेंब पाडता येत नाही. नाकावरच पडतो. मीच घालायचे. आता कोण घालतं?"

दर शनिवारी त्या माणसाच्या पुढ्यात बसून त्याने त्याच्या मनात नसलेली अढी शोधून काढली होती, आणि डोळे काही दिसले नव्हते. त्याला स्वतःची लाज वाटली.

मुलीने आपल्या पर्समधून औषधाची बाटली काढली. नवी, सील न फोडलेली. कधी आणून ठेवली होती कोण जाणे.

"आधी डावा डोळा. उजव्यात आधी घातलं की दोन्ही गच्च मिटून घेतात. आणि डॉक्टरकडे घेऊन जा त्यांना. मी सांगितलंय म्हणून सांगू नका."

दुकानात घड्याळजीने बाटली पाहून हात झटकला. "अहो, सोडलं ते मी. जमत नाही." बाइंडरने ऐकलं नाही. त्याची मान मागे करून, जाड बोटांनी बाटली दाबली. पहिला थेंब मिशीत गेला.

"माझं नाक परवडलं," घड्याळजी म्हणाला.

"हलू नका. आधी डावा. उजव्यात आधी घातलं की तुम्ही दोन्ही..." बाइंडरने जीभ चावली, पण उशीर झाला होता.

घड्याळजी तसाच मान मागे टाकून, डोळे मिटून बसला. भिंतीवरची घड्याळं आपापली वेळ दाखवत टिकटिकत होती.

"बरी आहे ना ती?" इतक्या महिन्यांत हे त्याने पहिल्यांदाच विचारलं.

"बरी आहे. तुमच्या मागच्या तोफा वाकड्या झाल्यात म्हणाली."

"खरंय तिचं," घड्याळजी म्हणाला, आणि त्याने स्वतःच बोटाने डाव्या डोळ्याची पापणी खाली ओढून धरली.