सावलीचं माप

शिंप्याच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं, त्या सालची गोष्ट. लग्नघरच्या गडबडीत त्याच्या नातीच्या पाठीवर कढत पाणी सांडलं आणि पोर दोन महिने दवाखान्यात पालथी पडून राहिली. घरात तिला सगळे बटण म्हणत. जखम भरली, पण कुणी हातात पट्टी घेतली की ती कोपरा गाठायची. आजोबाची टेपही तिला मलमपट्टीच वाटे. अंगात बापाचं सैल बनियन, दुसरं काही चालत नसे. जुने झगे तोवर आखूड झाले होते.

सोमवारी शाळा सुरू होणार होती, आणि गणवेशाशिवाय बाई वर्गात घेणार नव्हत्या.

“गावाला कपडे शिवलेत,” काजं करता करता आजी म्हणाली, “आणि घरची पोर बनियनवर.”

शिंप्यानं दुकानाचं दार अर्धं लोटलं आणि मशीनचा दिवा भिंतीकडे वळवला. दिव्यापुढे कात्री उघडमीट केली. भिंतीवर मगर आ वासू लागली. मग दोन बोटांचा ससा आला. मगरीनं त्याचा कान धरला, तशी बटण कोपऱ्यातून निघून दिव्यापाशी येऊन उभी राहिली.

“ही कोण आली?” शिंप्यानं भिंतीकडे बोट केलं.

“माझी सावली.”

“तिला शाळेत जायचंय?”

“तिला जायचंय. मला नाही.”

“मग तिचं माप घेऊ? विचार तिला.”

बटणनं विचारलं. “घ्या म्हणते. पण तिला गुदगुल्या होतात.”

शिंपी भिंतीपाशी गेला. पोर दिव्याजवळच थांबली. त्यानं सावलीच्या खांद्यांवर, कमरेशी, गुडघ्यांवर खडूनं खुणा केल्या आणि टेप लावली. आकडे जरा मोठे वाटले. पण पोर वाढत्या अंगाची, उंच झाली असेल, असं त्यानं मनाला समजावलं आणि कापडाला कात्री लावली.

रविवारी झगा तयार झाला. सुनेनं, बटणच्या आईनं, तो बटणपुढे धरला, तर घेर जमिनीवर लोळत होता.

“मामंजी, अजून दोन बोटं सोडली असती तर मलाच झाला असता.”

आजी हसून हसून दमली. शिंपी मात्र खाली बसला. चाळीस वर्षं मापं घेतली, आणि दिव्याजवळ उभ्या माणसाची सावली फुगते एवढं ध्यानात आलं नाही. उद्या शाळा होती.

बटणनं झगा नीट न्याहाळला. “हा तिचाच आहे,” ती म्हणाली. “तिला झाला. मग मला?”

“तुझं माप कुठं दिलंस?” शिंप्यानं विचारलं.

टेपेचं एक टोक तिनं स्वतःच मुठीत धरलं, पाठ फिरवली आणि हात पसरले. बनियनच्या गळ्यातून भाजल्याची चकाकती कातडी दिसत होती. शिंप्यानं टेप त्या कातडीला न टेकवता धरली. आकडा त्यानं दोनदा वाचला.

दुसरा झगा पहाटे शिवून झाला. पहिला आजीनं पेटीत ठेवला. बटणला तो चौथीत बसला, शिवणीत मुडपलेला दाबही उसवावा लागला नाही. त्याच वर्षी, मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी दहा वाजता शिंपी वारला.