मागच्या पायाचे पट्टे

"चपला घालायच्या असत्या तर समुद्रावर गेलो असतो," कियोहारु म्हणाला आणि गाडीच्या डिकीतली नवी बाइंडिंगं त्यानं पुन्हा पिशवीत ढकलली.

चिझुरुनं ती त्याच्यासाठी दुकानातून आठवडाभर वापरून बघायला आणली होती. स्नोबोर्डवर बूट पकडून ठेवणारं हे बाइंडिंग मागून उघडायचं. उभ्या उभ्या पाय आत सरकवायचा, टाचेमागचा खटका वर ओढायचा, संपलं काम. ती स्वतः दोन वर्षं तसलंच वापरत होती. कियोहारुचं मात्र पट्ट्यांचं. बर्फात बसकण मारायची, वाकायचं, घोट्यावर एक आणि बोटांवर एक असे दातेरी पट्टे कर्रकर्र ओढून आवळायचे. त्रेसष्टाव्या वर्षी तो वाकला की तोंडून असा काही आवाज निघायचा की लिफ्टवालासुद्धा गालातल्या गालात हसायचा.

"अहो, एकदा गुडघ्यांना तरी विचारा."

"तीस वर्षं पट्ट्यांवर काढली. आता काय म्हाताऱ्यांची सोय बघू?"

"म्हणजे मी म्हातारी?"

त्यानं नुसती डिकी आपटून बंद केली, आणि ते बोलण्याहून वाईट झालं. लिफ्टच्या खुर्चीत ती सबंध वेळ तोंड फिरवून बसली.

होक्काइदोतल्या त्या लहानशा डोंगरावर मंगळवारी चिटपाखरू नसतं. वर उतरल्यावर त्यांचा शिरस्ता ठरलेला होता. ती खटका ओढून आधी निघायची आणि अर्ध्या उतारावर भूर्जाच्या झाडाशी त्याची वाट बघत थांबायची. लिफ्टवर चढताना मागचा पाय मोकळा ठेवावा लागतो, त्यामुळे पट्टेवाल्याला दरवेळी वर येऊन तो पुन्हा बांधावा लागतो. साहजिकच पट्टेवाला नेहमी शेवटी.

"जा तू पुढे," खाली बसता बसता तो तुसडेपणानं म्हणाला. "माझ्यासाठी खोळंबायची गरज नाही."

ती गेली. मागं वळूनही पाहिलं नाही.

पट्टे आवळून तो उठला आणि रागाच्या भरात रोजची वाट सोडून लिफ्टच्या तारेखालच्या फरच्या झाडांत घुसला. बर्फ मांडीएवढा, भुसभुशीत. तिसऱ्या झाडापाशी बोर्डाचं टोक फांदीत अडकलं आणि तो उलटा होऊन खाली गेला. फांद्यांखाली बुंध्याभोवती पोकळ खड्डा राहतो, त्याबद्दल इथली पोरंसोरंही एकमेकांना बजावतात. कियोहारु नेमका त्यातच पडला.

पाय वर, बोर्ड फांद्यांत घट्ट, डोकं खाली अंधारात. त्यानं आधी हात तोंडापुढे धरून श्वासापुरती जागा केली. फोन आतल्या खिशात, छातीशी दाबलेला, तिथं हात जाईना. मग पोट आवळून वर वाकायचा प्रयत्न केला. बोटं पट्ट्याला लागली, पण दात्यांत बर्फ गच्च बसला होता. त्यानं हिसका दिला तशी फांद्यांवरून आणखी बर्फ ढासळला आणि तो कंबरेपर्यंत बुजला.

"खटका असता तरी तो पोटरीमागे," त्याच्या मनात आलं. "तोही हाती लागला नसता." असल्या अवस्थेतही आपण बायकोशी वाद घालतोय, याची त्याला लाज वाटली.

तो ओरडला. आवाज नाकापुढेच विरला. चिझुरु भूर्जापाशी असेल, तो स्वतःला सांगू लागला. थांबली असेल. कितीही रागावली तरी थांबतेच. थांब गं, आज तेवढी थांब.

आणि मग त्याला खरी गोष्ट उमगली. थांबली असली तरी ती काळजी करणार नव्हती. पट्टे, खोकला, चष्मा पुसणं, पुन्हा पट्टे, हे सगळं तिला पाठ होतं. दहा मिनिटं ती निवांत उभी राहील, ही सवय त्यानंच तिला लावली होती. त्याला खूप भीती वाटली. श्वास तोकडा पडू लागला, गालाखालचा बर्फ ओला होऊन पुन्हा गोठू लागला.

वरून काहीतरी घसरत आलं. मग उकरण्याचा आवाज, आणि तोंडापुढे एकदम उजेड.

"अहो! बोला! काहीतरी बोला!"

"आहे," तो कसाबसा म्हणाला.

तिनं हातमोजे फेकून दिले, नखांनी दात्यांतला बर्फ खरवडला आणि एकेक पट्टा सोडवला. तो कुशीवर कोसळला. तिनं काखेत हात घालून त्याला बाहेर ओढलं. दोघं धापा टाकत बर्फात बसली.

"थांबलीस म्हणून वाचलो," तो म्हणाला.

"मी नाही थांबले." चिझुरु म्हणाली. "राग आला होता. भूर्जापाशी वेगसुद्धा कमी केला नाही. तशीच खाली गेले आणि एकटीच लिफ्टमध्ये बसले. म्हटलं, शोधू देत मला आज. खुर्चीतून खाली बघितलं तर फांद्यांत तुमच्या बोर्डाचा तळ दिसला."

कियोहारुनं मान वर करून लिफ्टच्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"रोजच्यासारखी थांबले असते ना," ती म्हणाली आणि रडू लागली, "तर अजून तिथेच उभी असते. म्हटलं असतं, बांधत असतील पट्टे."

त्यानं तिची लाल झालेली बोटं आपल्या मोज्यांत घेतली आणि ऊब येईपर्यंत सोडली नाहीत. मग पट्टे बांधायला तो खाली वाकला. ती आपला खटका न ओढता शेजारी उभी राहिली.

"व्हा पुढे," ती म्हणाली.

दोन वर्षांत पहिल्यांदा तो तिच्याआधी निघाला आणि खाली पोचेपर्यंत प्रत्येक वळणावर मागे बघत राहिला.