ताईंची धार

टेक्नो संगीत म्हणजे मशिनीचं नुसतं धाड-धाड, त्यात बदलायचंय काय डोंबल, असं म्हणणाऱ्यांशी ताई कधी वाद घालत नसे. ती त्यांना सरळ दोन तुकडे ऐकवायची, एक तिच्या दादाच्या जमान्यातला आणि एक कालपरवाचा. पहिल्यात बुडाचा, म्हणजे खर्जातला, ठोका गादीवर बुक्की मारावी तसा गुबगुबीत, आणि त्यावर झांज इतकी हलकी, की वाजत होती हे ती थांबल्यावरच कळावं. दुसऱ्यात तोच ठोका पाठीमागे कुत्रं लागल्यासारखा पळत सुटलेला, आणि झांज म्हणजे नुसती सुरी. कानामागून आली आणि तिखट झाली! वाद घालणारा मग मुकाट चहा प्यायचा.

ताईचं काम मास्टरिंगचं. संगीत करणारे करून मोकळे होतात, पण रेकॉर्ड छापायला जाण्याआधी शेवटचा हात फिरतो तो तिचा. बुड किती जड हवं आणि वरचा आवाज किती उजळ, ते ती ठरवणार. खोलीला खिडकी नाही, भिंतींना जाड फोम, समोर कमरेएवढे दोन स्पीकर. आवाजाची रेघ दाखवणारा एक स्क्रीनही होता, पण त्यावर तिने टॉवेल टाकून ठेवलेला. "डोळे उघडे राहिले की कान आळशी होतात," असं तिचं म्हणणं. काम करायची तिची रीतही ठरलेली. आधी कालचं पसंत झालेलं काम ऐकायचं, मग आजचं त्याच्या बरोबरीला आणायचं. उद्याचं आजच्या बरोबरीला. त्यामुळे तिच्या हातून बाहेर पडलेला माल कधी उन्नीस-बीस झाला नाही, असं सगळा धंदा म्हणायचा. धंद्यात लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत. एकटा दादा तिला 'बारके' म्हणायचा.

आणि आता काम आलं होतं ते दादाचंच. तरुणपणी भंगारातून आणलेल्या दोन मशिनी जोडून त्याने एकच रेकॉर्ड काढली होती. चार लोकांनी ती डोक्यावर घेतली, बाकीच्यांना पत्ताही लागला नाही. मग लग्न, पोरंबाळं, आणि टाइल्सचं दुकान. एवढ्या वर्षांनी कुठल्याशा कंपनीला ती रेकॉर्ड पुन्हा काढायची होती. कशानेही न हलणारा माणूस, पण कव्हरवरच्या फोटोसाठी नवा शर्ट घेऊन आला, त्याची किमतीची चिठ्ठी काढायची विसरला, आणि वहिनीने ती कॉलरमागून ओढून काढली तेव्हा लहान पोरासारखा लाजला. त्याच्या आयुष्यात स्वतःची म्हणावी अशी ही एवढीच एक गोष्ट होती. ताईला ते माहीत होतं, म्हणून तिने इतर कामं बाजूला सारली आणि जुनी टेप लावली.

टेप तिला निर्जीव वाटली. बुड ठीक, पण वर काहीच नाही. टेपा जुन्या झाल्या की मरतात. तिने वरचा आवाज चढवला, आणखी चढवला, आणि झांज जिवंत झाल्यावर दादाला बोलावलं.

दादा दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी आला. सुरुवातीला त्याचा चेहरा असा काही फुलला की ताईचा ऊर भरून आला. मग झांज आली, आणि दादाने मान आत ओढली.

"बारके, ही टोचते गं."

"टोचते? मला तर अजून दबलेलीच वाटतेय. टेप किती जुनी आहे, दादा."

"अशी नव्हती ती माझी."

"तुझ्या वेळचं वेगळं होतं. आता टेक्नो असाच लागतो लोकांना. कडक."

दादाने एकदा स्पीकरकडे बघितलं. मग मान डोलावत म्हणाला, "असेल बाई. इतकी वर्षं कटरखाली टाइल्स कापतोय. कान माझेच गेले असणार. तू म्हणशील ते." वर हसला. "यंत्र घ्यावं लागणार बहुतेक कानाला. तुझ्या वहिनीची बोलणीही ऐकू येतील मग, तेवढंच नुकसान."

ताईही हसली, आणि तो गेला.

तो गेल्यावर कप धुताना तिच्या मनात एक विचार आला आणि हात थांबला. कान गेलेल्या माणसाला कमी ऐकू येतं. मग त्याला टोचेल कसं?

छे, भलतंच! तिने कप विसळले. विसळलेले पुन्हा विसळले. घरी जाऊन कानाशी किल्ल्या खुळखुळवल्या, त्या ऐकू आल्या. बोटं चोळली. ऐकू आली का? आली बहुतेक. मग तिला फ्रिज आठवला. दार उघडं राहिलं की तो आधी चिरक्या आवाजात ओरडायचा, नवीन घेतला तेव्हा वैताग आणला होता त्याने. तिने दार सताड उघडलं आणि समोर उभी राहिली. भाजीचा वास आला, पायाला गार लागलं. थोड्या वेळाने आतला लाल दिवा उघडझाप करू लागला. आवाज नाही. तिने पार कान आत घातला. आवाज नाहीच. बिघडला असेल, म्हणून तिने दार लोटलं. जेवण गेलं नाही, आणि अंथरुणात ती आढ्याकडे बघत पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने कान तपासून घेतले. काचेची एवढीशी खोली, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. खालचे आवाज आले, तिने दाबलं. मधले आले, दाबलं. मग बारीक, आणखी बारीक. तिचा अंगठा चालतच होता. जिवात जीव आला. बाहेर येऊन ती तपासणाऱ्या बाईंना म्हणाली, "एकही सुटला नसेल माझा."

"एकही नाही," बाई म्हणाल्या. त्या तिच्याकडे जरा चमत्कारिक नजरेने बघत होत्या. "पण शेवटी मी आवाज बंद केला होता. तरी तुम्ही दाबत राहिलात. अगदी ठेक्यात."

घ्या! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आवाज ठरावीक अंतराने येत होते, आणि जिचा जन्म चार-चार ठोके मोजण्यात गेला तिच्या अंगठ्याला पुढचा ठोका कुठे पडणार हे सांगावं लागत नाही. पण ती काही फसवत नव्हती हो. तिला ते आवाज खरोखर ऐकू आले होते, तिने शपथेवर सांगितलं असतं. जिथे काही नव्हतं तिथे तिच्या डोक्याने ते स्वतःच वाजवले होते. हे कळलं तेव्हा ती खरी घाबरली. बहिऱ्याला आपण बहिरे आहोत हे तरी कळतं.

बाईंनी अंतरं उलटसुलट करून पुन्हा तपासलं. वरचं जवळजवळ सगळं गेलेलं होतं, दोन्ही कानांचं; खूप चढवलं तरच काही पोहोचत होतं.

"हे एकदम होत नाही," बाई म्हणाल्या. "कैक वर्षं हळूहळू जातं. आता आहे ते जपा."

ताई थेट कामाच्या खोलीत आली आणि तिने स्क्रीनवरचा टॉवेल ओढला. वर्षावर्षाची कामं काढून एकाखाली एक लावली. बुडाकडची रेघ जागच्या जागी. वरच्या आवाजाकडची मात्र दर वर्षी केसभर चढलेली, चढता चढता पार उभी झालेली. यातलं एकही काम तिच्या कानाला आदल्या कामापेक्षा वेगळं नव्हतं, हीच तर गोम! आजचं कालच्या बरोबरीला आणताना दर वेळी ते जरासं दबलेलंच वाटायचं, आणि तसं केसभर चढवता चढवता ती भलतीकडेच जाऊन पोहोचली होती, आणि वाटेत तिला कुणी हटकलंही नाही.

हटकणार कोण? सगळे तर तिच्या मागून चालत होते. टिचकी म्हणून एक पोरगी होती, जिथे बसेल तिथे टेबलावर टिचक्या मारणारी, पण नव्या लोकांत तिच्याइतकं गाजणारं दुसरं कुणी नव्हतं. ती मागेच म्हणाली होती, "आम्ही सगळे तुमचं काम समोर ठेवून आमचं जुळवतो. त्या वरच्या आवाजाला आम्ही ताईंची धार म्हणतो." रेडिओवर तर एका जाणकाराने अर्धा तास सांगितलं होतं, की टेक्नो असा टोकदार का झाला, तर नव्या पिढीच्या मनातला राग त्यात उतरलाय. कुठला राग आणि कुठली पिढी! एका बाईचे कान गेले होते. ताईला हसू फुटलं आणि मग तिने स्क्रीन बंद केला.

गप्प बसली असती तर काहीच बिघडलं नसतं. दादा तर 'तू म्हणशील ते' म्हणून गेला होता. कंपनी खूश झाली असती, लोकांनी धार वाखाणली असती. बोलायचं म्हणजे हातातलं काम जाणार, कारण आंधळ्याकडून रंग कोण लावून घेतो? पण दादाची एवढीच एक गोष्ट, आणि ती त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याची होणार, वर तो स्वतःच्या कानांना बोल लावत फिरणार. हे काही तिला गिळवेना. ती उठली आणि तशीच दुकानावर गेली.

दादा कटर चालवत होता, भुवया टाइलच्या भुकटीने पांढऱ्या झालेल्या. त्याने मशीन बंद केलं.

"दादा, तुझे कान शाबूत आहेत. माझे गेलेत."

आधी तो हसला. मग तिच्या तोंडाकडे बघितलं आणि स्टूल पुढे सरकवलं. तिने सगळं सांगितलं, अंगठ्याचं, रेघेचं, सगळं.

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"तुलाच."

"बरं केलंस." त्याने हात झटकले. "चल." आणि भर दिवसा दुकानाचं शटर खाली ओढलं. हे त्याने स्वतःच्या आजारपणातही कधी केलं नव्हतं.

खोलीत तो तिच्या खुर्चीत बसला, ती बटणांपाशी उभी राहिली. तिने टेप चालू केली आणि वरचा आवाज उतरवायला घेतला.

"अजून," दादा म्हणाला. "अजून. हां, जास्त झालं, मागे ये. थोडं. थोडंसंच गं."

ताईला यातलं काही कळत नव्हतं. झांज केव्हाच बुडाली होती, नुसता ठोका उरला होता. ती बटण फिरवत होती आणि काहीही होत नव्हतं. आणि तेवढ्यात दादाचं बोट गुडघ्यावर हलायला लागलं, दोन ठोक्यांच्या मध्ये, जिथे तिच्या लेखी शांतता होती.

"हीच ती," दादा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "बारके, हीच."

ती त्याच्या बोटाकडे बघत राहिली. झांज कुठे वाजतेय हे तिला त्यावरून समजत होतं. तिने होतं तसं कायम केलं, आणि ते छपाईला पाठवलं.

टिचकी आली ती याच वेळी, स्वतःचं नवं काम घेऊन. ताईने तिला दादाचं ऐकवलं. तिचे कान कोवळे आणि शाबूत, तिने दाद दिली की मिटलं, असं ताईला वाटत होतं. टिचकीने शेवटपर्यंत ऐकलं, आदराने ऐकलं, आणि अवघडून म्हणाली, "चाल एक नंबर आहे, काका. पण ताई, हे असंच जाणार? यावर काम व्हायचंय ना अजून? वरती काहीच नाही. लोक म्हणतील ताईंनी हातच नाही लावला."

"म्हणू देत," दादा म्हणाला.

मग टिचकीने स्वतःचं लावलं, आणि दादाने मान आत ओढली. ताई दोघांकडे बघत होती. दोघांचेही कान चांगले, दोघंही खरं बोलत होते. एकट्या तिच्यापाशीच ठरवायला कान नव्हते. आता तिला लपवणं झेपेना.

"टिचकी, ती धार-बिर काही नव्हती गं. मला वरचं ऐकू येत नाही. कित्येक वर्षं येत नाही. म्हणून ते तसं झालं."

टिचकीचं टेबलावरचं बोट थांबलं. आता ही उठणार, आपलं सामान गोळा करणार, आणि बाहेर जाऊन सगळ्यांना सांगणार.

"पण आम्हाला येतं की," टिचकी म्हणाली. "आम्हाला ऐकू येतं, आणि आवडतंही. आम्ही त्यावरच मोठे झालो, ताई. माझं तसंच करा ना. तुम्ही करता तसंच."

दादा खुर्चीतून उठला, तिच्या खांद्यावर थोपटलं, आणि म्हणाला, "करून दे पोरीला. मी बाहेर थांबतो, मला नाही ते सोसवत." जाताना त्याने दार नीट ओढून घेतलं.

ताई आपल्या खुर्चीत बसली आणि टिचकीचा तुकडा पहिल्यापासून लावला. ठोका सुटला, आणि त्यावर झांज आली, ताईच्याच मापाने चढवलेली, लख्ख, एकेक टोक वेगळं. कान तपासल्यापासून पहिल्यांदा तिला झांज ऐकू येत होती. दादा दाराबाहेर उभा होता आणि तिला इतका आनंद झाला, की तिची तिलाच लाज वाटली.