बाथरूममधलं गाणं

व्यसनमुक्ती केंद्रातून मुलगा घरी आला, त्याच दिवशी सुतार बापाने बाथरूमची कडी काढून टाकली. मागच्या खेपेला गोळ्या घेऊन तो आतच पडला होता आणि दार फोडायला वीस मिनिटं लागली होती. दार बापानेच केलेलं, त्यामुळे काम पक्कं होतं. आता नियम एकच: आत असेपर्यंत मोठ्याने गायचं. मुलगा बेसूर गायचा, पण आईबापाने एवढा कान देऊन कुठल्या गवयालाही ऐकलं नव्हतं.

आज सकाळी पहिल्या कडव्यानंतर गाणं थांबलं. नळ मात्र वाहत होता.

"अहो, बघा ना," आई कुजबुजली.

बापाने दारावर टकटक केली. "काय रे, पुढचं विसरलास?"

"बाबा, तोंडात ब्रश आहे!"

बाप भिंतीला टेकून हसला. आई हसली नाही. "जीभ जड वाटली का हो त्याची?"

तोंडात ब्रश असलेला माणूस बोबडं बोलतो आणि गोळ्या घेतलेलाही. बापाचं हसू मावळलं.

"ब्रश काढून बोल," तो दाराला कान लावून म्हणाला.

आतून चूळ भरल्याचा आवाज आला. मग स्वच्छ शब्द आले, "उद्यापासून दात बाहेरच घासतो."

"चालेल," आई घाईघाईने म्हणाली, "पण आत्ता गा."