मिटलेली फळे

चैत्र सरत आला होता. पठारावरचे गवत पिंगट झाले होते, वारा दमला होता, आणि उन्हाला घरी जायची मुळीच घाई नव्हती. पिंगट पठार, पांढुरके आकाश. आणि दोहोंच्या मधोमध, जिथे इतकी वर्षे एक सूचिपर्ण, सुगंधी, हिरवी सावली उभी होती, तिथे आता नुसता बुंधा होता.

ते पाइनचे झाड होते. वनखात्याने कधीकाळी हौसेने थंड मुलखातून शेकडो रोपे आणली. एक सोडून सारी उन्हाने नेली. त्या एकाला सुगरतीच्या नवऱ्याने, मोतीरामने, सात उन्हाळे कावडीने पाणी वाहून जगवले. मग मोतीरामही गेला. झाड राहिले. वारा आला की त्याच्यातून दूरच्या नदीसारखा आवाज येई, आणि रोपवाटिकेत मातीच्या पिशव्या भरता भरता सुगरती मान वर करून ऐके.

फाल्गुनात रस्ता रुंद झाला आणि झाड पडले. आदल्या दिवशी वनपाल धुमाळे तिला म्हणाले होते, "बी आणून द्या, सुगरतीबाई. रोपं मी करून देतो." त्या एका वाक्यावर तिने इतके दिवस काढले.

पडलेल्या फांद्यांवरून तिने फळे वेचली; खवल्याखवल्यांची, लाकडी, तांबूस फळे. काही उमललेली, हलकी. ती तिला रिती वाटली, तिने चुलीत घातली. काही मिटलेली, राळेने चिकट, हाताला जड. ती तिने मोतीरामच्या धोतरात गुंडाळून परडीत ठेवली. गच्च मिटलेल्यात दाणा असतो, हे तिला तुरीच्या शेंगांनी शिकवले होते.

आज कलत्या दुपारी ती परडी घेऊन वनपालांच्या कचेरीवर आली. धुमाळ्यांनी कोयत्याने एक फळ फोडले. आत भुकटी. दुसरे फोडले. आत भुकटी, आणि अळीने पोखरलेल्या काळ्या, वळणावळणाच्या वाटा. तिसरे. चौथे. मग त्यांनी कोयता खाली ठेवला.

"कीड आहे, सुगरतीबाई. अळी आतल्या आत बी खाऊन टाकते, म्हणून ही उमललीच नाहीत. वजन होतं ते राळेचं."

"आन् उमललेले? त्याच्यात होतं बी?"

"होतं थोडं."

"ते तं म्या चुलीत घातले, सायेब. भाकर भाजली त्याच्यावर."

तिला रडू आले नाही. रडायलाही अंगात काही उरावे लागते. ती पायरीवर बसली, आणि सात उन्हाळ्यांची ती सगळी कावड आज तिच्याच खांद्यावर आल्यासारखी फार, फार दमली.

तेवढ्यात परडीत काही हलले. उरलेल्या शेवटच्या फळातून एक पतंग बाहेर आला होता. राखी, ओलसर, पंखांवर तांबूस नागमोडी रेघ. धुमाळ्यांनी चिरडायला हात उचलला.

"राहू द्या," सुगरती म्हणाली. "झाड खाऊनच मोठं झालं ते. माह्या घरधन्याचं झाड आता तेवढंच उरलं."

पंख वाळेस्तोवर ऊन उतरले. पतंग उडाला. सागाभोवती फिरला, टेकला नाही. बांबूभोवती फिरला, टेकला नाही. उभ्या पठारावर त्याच्या ओळखीचा वास देणारे एकही झाड नव्हते. तो परत फिरला आणि सुगरतीच्या उघड्या तळहातावर येऊन बसला. राखेने कितीदा घासूनही त्या हाताची राळ गेली नव्हती.

सावल्या लांबल्या. धुमाळे कुलूप लावून निघून गेले. हात भरून आला, तरी तिने तो खाली घेतला नाही.