दशमीची भरती

शुक्रवारी सकाळी साडेसातला पाणी चढायला हवं होतं. ते उतरत होतं.

सौदीतल्या कतीफच्या किनाऱ्यापासून तीनेक किलोमीटरवर, कांदळवनापलीकडच्या वाळूच्या उंचवट्यावर तिघांनी तंबू ठोकला होता. श्यामकांत गुहागरचा. तिथीवरून भरतीची वेळ काढायला तो आजोबांकडून शिकला होता. काल संध्याकाळी म्हणाला, "उद्या दशमी. दहाचे पाऊणपट साडेसात. भरतीवर कयाक सोडायची, नऊला घरी."

त्याची बायको नूपुर पुण्याची, शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. तिने फोनवर कोष्टक पाहिलं होतं. त्यात भरती दुपारी दोनला होती. "तो हिशेब कोकणचा, श्याम. प्रत्येक किनाऱ्याची वेळ वेगळी."

"पुणेकरांनी भरती शिकवायची आता? तुमच्या मुठेला येते का गं?"

त्यांची नऊ वर्षांची इरा खदखदून हसली. नूपुरने विषय सोडून दिला. पिण्याचं पाणी नऊपर्यंतचंच आणलं होतं, हे माहीत असून.

आता दहा वाजले होते. मे महिना. श्यामकांतने कयाक ओढून पाहिली, मांडीपर्यंत चिखलात रुतला, कसाबसा परतला. अर्धी बाटली उरली होती. इरा दोनदा ओकली होती.

"घोटभर घे, बाळा."

"नो मम्मा. लेट मी स्लीप."

नूपुरने तिच्या मानेला हात लावला. मान तापलेली होती, आणि कोरडी.

"तिचा घाम थांबलाय. मी कोस्ट गार्डला फोन करते."

"थांब. इथे यायचा परवाना कालच्या संध्याकाळपर्यंतचा होता. रात्री राहिलो हे कंपनीत कळलं तर नोकरी खलास. दोनला पाणी येतंच आहे."

"चार तास, श्याम."

तिने फोन लावला. अक्षांश, रेखांश सावकाश सांगितले. मुलीचं वय, उलट्या, ताप. पलीकडच्या माणसाने तोडक्या इंग्रजीत तिचा इकामा, म्हणजे रहिवासी ओळखपत्राचा नंबर विचारला. तिने सांगितला.

"कफील कोण?"

तिच्या इकाम्यावर कफील, म्हणजे जामीनदार, म्हणून नवऱ्याचंच नाव होतं. तिने वळून पाहिलं. श्यामकांत समुद्राच्या पाण्यात भिजवलेला शर्ट इराच्या डोक्यावर धरून बसला होता. त्याने दुसरा हात पुढे केला आणि फोन घेतला. स्वतःचा नंबर एकेक आकडा सुटा करून सांगितला.

"काल रात्री इथेच होता?"

"हो," तो म्हणाला. "चूक माझी आहे. लवकर या."