शुक्रवारच्या नांग्या

युनन गिलनचं डोकं जानेवारीच्या पहिल्या तारखेला जे तापलं, ते महिना सरत आला तरी थंड व्हायचं नाव घेत नव्हतं. आणि का घ्यावं? खेकडे पकडायचे स्वतःच्या गावासमोर, ते विकत घेणारा व्यापारी स्वतःच्या गावात, आणि बोट मात्र गावच्या, पोर्टरॉनच्या, धक्क्याला लावायची नाही! का, तर म्हणे बोटीची नोंद उत्तर आयर्लंडमधली, ब्रिटनच्या हद्दीतली; गाव मात्र डब्लिनच्या आयर्लंडमधलं. ब्रेक्झिट झालं आणि उत्तरेतली बोट एका रात्रीत परदेशी ठरली. मग काय, फॉइल खाडीतून अडीच तास आत जायचं, उत्तरेतल्या डेरी शहराजवळच्या बंदरात माल उतरवायचा, कागद रंगवायचे आणि तेच खेकडे ट्रकमध्ये घालून पुन्हा गावात आणायचे. ट्रक युननच्या दारावरूनच जायचा. ड्रायव्हर मेला हॉर्न वाजवून वर हातही करायचा.

बोट कागदोपत्री वेस्ली केनच्या नावावर होती, वाटा निम्मा-निम्मा. वेस्ली खाडीपलीकडचा, उत्तरेतल्या मॅगिलिगनचा. त्याचं चर्च वेगळं, झेंडा वेगळा, पण सव्वीस वर्षं दोघं एकाच किटलीतला चहा पीत आलेले. वेस्लीने ब्रेक्झिटच्या बाजूने मत दिलं होतं. तिकडच्या बऱ्याच कोळ्यांनी दिलं होतं. समुद्र परत आपला होणार, असं त्यांना कुणीतरी सांगितलं आणि त्यांना ते पटलं.

“काय रे, मिळाला का समुद्र?” युनन रोज सकाळी विचारायचा. “की अजून लंडनहून निघायचाय?”

“तुमच्या डब्लिनवाल्यांनी तरी काय दिवे लावले?” वेस्ली खेकड्यांचा पिंजरा ओढता ओढता म्हणायचा. “तुमच्याच वाट्याचा मॅकरल मासा देऊन बसले ना?”

“त्यापेक्षा सगळा आयर्लंडच एक देश करून टाकू. कागदाची कटकटच नको.”

“हे माझ्या मेव्हण्यासमोर बोल. आमच्याच लार्न बंदरात त्याचं बटाट्याचं बियाणं अडवलंय, तेही आमच्याच देशातून, इंग्लंडहून आलेलं! डोकं फोडेल तुझं.”

असं चालायचं. चेष्टेत होतं तोवर ठीक होतं.

गोची झाली ती शुक्रवारची. पोर्टरॉनमध्ये रीत आहे: ज्या घरचा माणूस समुद्राने ठेवून घेतला, त्या घरी त्याच्या बोटीने दर शुक्रवारी खाणं पोचवायचं, बाई जिवंत असेपर्यंत. कॉर्मॅक बार या दोघांबरोबर बोटीवर होता. चौदा वर्षांपूर्वी एका लाटेने त्याला उचलून नेलं. तेव्हापासून दर शुक्रवारी धक्क्याला लागलं की नांग्यांची पिशवी घेऊन दोघं आधी त्याच्या बायकोच्या, नोनीच्या घरची चढण चढायचे.

नव्या वर्षाच्या पहिल्या शुक्रवारी युननने कायदा गुंडाळून ठेवला, बोट धक्क्याला टेकवली आणि पिशवी वर फेकली. वर मत्स्य खात्याचा माणूस उभाच.

“युनन, एक पिशवी काय आणि शंभर पेट्या काय, नियम एकच,” तो हळूच म्हणाला. “आज मी दुसरीकडे बघत होतो असं समज. पुढच्या खेपेला बोट अडकवावी लागेल. उचल ती.”

खात्याच्या माणसावर ओरडून उपयोग नव्हता. युनन वेस्लीवर उलटला.

“मेलेल्या माणसाच्या बायकोचा घास तोडलास! तू! तुझ्या त्या मताने!”

वेस्लीचा चेहरा उतरला. डेरीला दोर बांधून झाल्यावर तो म्हणाला, “महिनाअखेरीला मी हे काम सोडतो. बोट विकू. तुझं निम्मं तुला.”

अठ्ठावन्नाव्या वर्षी युननला दुसऱ्या बोटीवर कोण घेणार? पण माघार घेईल तर तो युनन कसला! रोज दोघं मुक्याने पिंजरे ओढत राहिले. शुक्रवारी ट्रकमधून आलेल्या नांग्या घेऊन युनन गाडीने एकटाच नोनीकडे जायचा, दारातून पिशवी द्यायचा आणि कुरकुरत परतायचा.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी नोनीने पिशवी घेतलीच नाही.

“वेस्ली कुठाय?”

“असेल पलीकडे.”

“मागच्या खेपेला हेच म्हणालास. त्याच्या आधीही हेच.” तिने दाराची चौकट धरली. “खरं सांग, युनन. गेला का तो?”

“गेला? कुठे गेला?”

“कॉर्मॅकच्या वेळी तू असाच एकटा चढून आला होतास. असाच पायाकडे बघत होतास.”

युननने झटकन मान वर केली. “अगं बाई, जिवंत आहे तो! चांगला धडधाकट आहे! तोंड फुगवून बसलाय नुसता.”

“मग मला दिसत का नाही?” नोनीचा आवाज चढला. “मला खेकडा पचत नाही रे. चौदा वर्षं तुमच्या नांग्या शेजारचा मार्टिन खातोय. तुम्ही दोघं दारात उभे दिसता, तेव्हा कुठे आठवडाभर झोप लागते मला.”

युनन तडक गाडीत बसला. पाण्यापलीकडे समोर दिसणारं मॅगिलिगन रस्त्याने डेरीला वळसा घालून सव्वा तास. सीमेवर कुणी अडवलं नाही. अडवणूक होती ती फक्त समुद्रातून येणाऱ्या खेकड्यांची. वाटेत त्याने वेस्लीला सुनवायला दहा वाक्यं जमवली. दार उघडलं आणि त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

“नोनीला वाटतंय तू बुडालास,” तो म्हणाला.

वेस्ली दाराबाहेर आला.

“चुकलं माझं,” युनन म्हणाला. “मत तुझं होतं, तू दिलंस. कॉर्मॅक दोघांचा होता. तिचा घास मीच तोडला, एकटा जाऊन.”

“बोट तर धक्क्याला लावता येणार नाही.”

“बोटीचं कोण बोलतंय? गाडीत बस.”

वेस्ली घरातल्या सपातांवरच निघाला. डेरीच्या पुलावर वेस्लीने, गाडी जरा बेताने चालव, एवढं म्हणून घेतलं.

नोनीने दार उघडलं. दोन्ही मुठींनी तिने वेस्लीच्या छातीवर बडवलं, त्याच्या बाह्या घट्ट धरल्या आणि मग रडली. युनन पायरीवर नाक ओढत उभा राहिला.

“पुढच्या शुक्रवारी हात हलवत आलात तरी चालेल,” डोळे पुसत ती म्हणाली. “पण दोघं या.”

“येतो,” युननच्या आधी वेस्ली म्हणाला.